चार मोजेपर्यंत

कागदोपत्री मी टाइमकीपर होतो. भांडुपला तेव्हा विजेच्या पंख्यांचा एक मोठा कारखाना होता. त्याच्या फाटकाजवळच्या खोलीत माझं टेबल होतं आणि टेबलावर हजेरीचं जाडजूड पुस्तक. पहिल्या तीन-चार वर्षांत त्या पुस्तकात मी फारसं काही लिहिलं नाही. दुपारचे तीन वाजले की बूट काखोटीला मारून मी उठायचो, आणि शेजारचे कारकून मान वर न करता म्हणायचे, "निघाले जावई."

कंपनीचे जावई. आम्हा फुटबॉलच्या अकरा जणांना सगळा कारखाना हेच म्हणायचा, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. पन्नासच्या दशकात उपनगरांत कारखाने उभे राहत होते आणि प्रत्येकाला स्वतःचा संघ हवा होता. आम्हाला नोकरी दिली होती ती पायांकडे बघून. पगार मिळायचा टाइमकीपरचा, फिटरचा, स्टोअरकीपरचा. काम मात्र एकच, कंपनीच्या निळ्या बनियनमध्ये धावायचं. माझे वडील घाटकोपरला शाळेत संस्कृत शिकवायचे. कोणी विचारलं तर ते सांगायचे, "मधू कारखान्यात असतो." कारखान्यात काय करतो, हे त्यांनी शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही.

मी राइट आऊट. हल्ली या जागेला निराळी नावं आहेत, म्हणून सांगतो. मैदानाच्या उजव्या कडेला चुन्याची रेघ असते, तिला आम्ही फक्की म्हणायचो. त्या फक्कीला चिकटून उभं राहायचं. मधे बाकीचे वीस जण चिखलात लोळत असतात, आणि आपण एकटे, लग्नात ओळख नसलेल्या पाहुण्यासारखे कडेला. चेंडू येईल म्हणून वाट बघायची. कधी कधी दहा-दहा मिनिटं पायाला चेंडू लागत नाही. मग पलीकडून कोणीतरी लांब मारतो, आणि त्या चेंडूच्या आणि आपल्या पायांत जी शर्यत लागते, तेवढ्यासाठी कंपनी आपल्याला पगार देते. चेंडू मारला जायच्या आधीच बचाववाल्याच्या पुढे गेलं तर ऑफसाइड. उशिरा निघालं तर चेंडू बाहेर. मधे एका श्वासाएवढी जागा असते. ती ज्याला सापडली तो राइट आऊट. बाकीचे नुसते पळणारे.

पळणं माझं होतं. चेंडू पाठवणं पास्कलचं. आणि हा सगळा लेख खरं म्हणजे पास्कलवर आहे.

पास्कल मरोळ गावठाणातला. घरची भातशेती, थोडी भाजी. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा, बुटका, रुंद, मांड्या उखळासारख्या. तो रोज पवईच्या तलावावरून सायकल हाणत भांडुपला यायचा आणि स्टोअरमध्ये नटबोल्टच्या पेट्यांमागे बसायचा. मैदानात तो लेफ्ट हाफ, म्हणजे मधल्या फळीत डावीकडे. तो मैदानाच्या एका टोकाला आणि मी तिरका पार दुसऱ्या टोकाला. त्या काळी एवढा लांब चेंडू कोणी मारायचंच नाही. चेंडू चामड्याचा, वरून वादीने आवळलेला. पाऊस प्यायला की कलिंगडासारखा जड व्हायचा. डोक्यावर घेतला आणि वादी कपाळाला लागली तर रक्त यायचं. असला चेंडू पास्कल एका लाथेत मैदानापार पाठवायचा आणि तो माझ्या पुढच्या पावलावर येऊन उतरायचा. पायात नाही, पुढच्या पावलावर. मला थांबावं लागायचं नाही की वळावं लागायचं नाही.

पहिल्याच मोसमात मी त्याला विचारलं, "तुला कळतं कसं रे, मी कुठे पोचणार ते?"

"तू बोंबलतोस ना निघताना," तो म्हणाला.

आणि खरंच, निघताना "होऽ" अशी आरोळी ठोकायची मला सवय होती. मला वाटलं, गंमत करतोय. दोन वर्षं मी लोकांना सांगत सुटलो की पास्कलसारखी नजर अख्ख्या मुंबईत कोणाची नाही.

फक्कीवर उभं राहणाऱ्याला आणखी एक गोष्ट भोगावी लागते, ती म्हणजे प्रेक्षक. ते हातभर अंतरावर असतात. शिव्या नावानिशी येतात. आमच्या प्रत्येक सामन्याला मुलुंडचे एक निवृत्त पोस्टमास्तर यायचे, नाईक मास्तर. हातात काळी छत्री. ती ते धो धो पावसातही उघडायचे नाहीत; दाखवायला लागायची त्यांना. "डावीकडे बघ!" म्हणून छत्री डावीकडे. दुसऱ्या अर्ध्यात संघांनी बाजू बदलल्या की मास्तरही मैदानाला वळसा घालून माझ्या बाजूला यायचे. एकदा ऐन खेळात त्यांनी मला थांबवून सांगितलं होतं, "नाक पूस आधी. बायका आल्यायत बघायला." त्यांना फुटबॉल कळायचा मात्र पक्का.

तिसऱ्या मोसमात, मरोळला त्यांच्या गावदेवळाचा, म्हणजे चर्चचा सण होता, तेव्हा पास्कलने मला जेवायला बोलावलं. दुपारची वेळ, लख्ख ऊन. मी बांधावरून चालत निघालो. समोर त्याचं घर, आणि ओट्यावर पास्कल बसलेला, तोंड सरळ माझ्याकडे. मी हात वर केला. त्याने काही केलं नाही. मी दोन्ही हात हलवले. तो तसाच माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, काही चुकलं का माझं? बोलावलेलं विसरला का? हात वर धरून, वेड्यासारखा मी चालत राहिलो, आणि अंगणाच्या कुंपणापाशी पोचल्यावर तो एकदम उठला.

"अरे मधू! कवा आलास?"

त्याची बायको रेजिना दारात उभी होती. तिने सगळं पाहिलं होतं. "हाक मारायची ना मधूभाऊ," ती म्हणाली, "त्यांना कुठं दिसतंय एवढ्या लांबचं."

पास्कलने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की ती आत गेली. मी ओट्यावर बसलो.

"किती दिसतं?" मी विचारलं.

"त्या आंब्यापर्यंत बरं. पुढं सगळं पाण्यातल्यासारखं."

आंबा वीसेक पावलांवर होता. मैदानात माझ्या-त्याच्यामधलं अंतर त्याच्या तिपटीहून जास्त असेल.

"मग दोन वर्षं मला चेंडू कसा देतोस?"

"फक्की पलीकडं असते ती काय हलते होय? कोपऱ्याचा झेंडा हलतो? मी कुठं हाय ते मला ठावं. तू बोंबललास की तू निघालास. मग तू कुठं असायला पायजेस तिथं मारतो." तो हसला. "तू नसलास तर तुझी चूक."

"चष्मा का नाही करत?"

"चष्मा घालून हेडिंग करू? आणि साहेबाला कळलं तर उद्या मला शेतात धाडील. स्टोअरकीपर म्हणून घेतलाय काय मला त्यांनी?"

तो जे करत होता ते करणारा माणूस मी नंतरही कधी पाहिला नाही. आम्ही सगळे बघून खेळत होतो. हा माणूस अख्खं मैदान डोक्यात घेऊन खेळत होता. त्या दिवशी रेजिनाने वाढलेलं मटण मी खाल्लं, पण माझं लक्ष सारखं त्या आंब्याकडे जात होतं.

मी कोणाला बोललो नाही. आरोळी मात्र दुप्पट जोरात ठोकू लागलो, आणि तिथेच घोटाळा झाला. उपनगरातल्या कारखान्यांच्या स्पर्धेत आम्ही अंतिम सामन्यात पोचलो, आणि त्याच आठवड्यात मला ताप भरला. ताप उतरला, आवाज गेला तो गेलाच. गरम पाणी, ज्येष्ठमध, मिठाच्या गुळण्या, सगळं झालं. तोंडातून नुसती हवा यायची.

सामन्याच्या दोन दिवस आधी पास्कल मला पवईजवळच्या एका माळावर घेऊन गेला. तिथे गुरं चरत होती. त्याने चेंडू खाली ठेवला. "तुला मी दिसतो ना?"

मी मान हलवली.

"मग आता बोंबलायचं काम माझं. मी चेंडूवर पायाचा तळवा असा ठेवीन आणि मागं ओढीन. ते बघितलंस की निघायचं आणि मोजायचं. एकला मी मारणार. चारला चेंडू कोपऱ्याजवळ पडणार. चारला तू तिथं पायजेस. मधे मागं बघायचं नाय."

मी घोगऱ्या आवाजात विचारलं, "अजिबात नाही?"

"तू बघितलंस की तुझे पाय बघतात. पाय बघायला लागले की धावत नाय."

त्या संध्याकाळी आम्ही तीस-चाळीस वेळा ते केलं. गुराखी हसत होते. मी चार मोजून मान वर करायचो आणि चेंडू छातीशी यायचा. एकदाही चुकला नाही, असं मी म्हणणार नाही. पाच-सहा वेळा चुकला. पण मी चुकलो ते जास्त वेळा.

अंतिम सामना मुलुंडच्या मैदानावर होता. समोर कुर्ल्याच्या एका कारखान्याचा संघ, आमच्यापेक्षा तगडा आणि सरावलेला. आमच्या संघाची सगळी व्यवस्था सबनीस साहेबांकडे होती. ते कंपनीचे वेल्फेअर ऑफिसर. पुण्याचे, स्वच्छ धोतर-कोटातले, माणूस वाईट नव्हता. वरच्या मंडळींना हा फुटबॉलचा खर्च खटकायला लागला होता, आणि ह्या सामन्यात हरलो तर संघ राहील की नाही याची त्यांनाच खात्री नव्हती. तसं त्यांनी आम्हाला सांगितलंही होतं.

पहिल्या अर्ध्यात चिखलातच सगळा खेळ झाला. विसाव्या मिनिटाच्या सुमारास पलीकडे पास्कलकडे चेंडू आला. त्याने तळवा ठेवला, मागे ओढला. मी निघालो.

एक. चेंडू निघाल्याचा दणका ऐकला. दोन. आणि दोनलाच माझ्या मनात आलं, ह्याला मी दिसत नाही.

दोन वर्षं मी त्याच चेंडूंवर डोळे झाकून धावलो होतो, कारण त्याला दिसतं असं मला वाटत होतं. आता दिसत नाही हे ठाऊक होतं, आणि तेवढ्यानेच माझी मान मागे वळली. चेंडू खूप वर होता, बाहेर चालल्यासारखा वाटला. मी पाय आखडले. चेंडू पाच पावलं पुढे, फक्कीच्या हातभर आत पडला, उडाला आणि बाहेर गेला. समोर कोणी नव्हतं. गोलकीपर आणि मी. म्हणजे मी असतो तर.

लोकांनी पास्कलला फाडून खाल्लं. "अरे आंधळा आहेस काय!" कोणीतरी ओरडलं, त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक. पास्कलने हात वर करून चूक कबूल केली. माझी चूक. मी मान खाली घालून जागेवर परत आलो.

"आत पडला होता," माझ्या पाठीमागून नाईक मास्तर हळू म्हणाले. छत्रीचं टोक त्यांनी चेंडू पडला त्या जागेकडे धरलं होतं. "तू का थांबलास?"

मी वाकून बुटाची वादी आवळत राहिलो.

मध्यंतराला आम्ही गवतावर बसून लिंबाच्या फोडी चोखत होतो. सबनीस साहेब रागावले की अरे-तुरेवरून अहो-जाहोवर यायचे. ते पास्कलपुढे येऊन उभे राहिले. "पास्कल, तुमचं लक्ष कुठे आहे? मैदानाबाहेर चेंडू मारायला आणलंय का तुम्हाला? आता एकही लांब चेंडू मारायचा नाही. जवळ द्या. आणि पुढच्या वर्षीचं आपण नंतर बोलू."

"हो साहेब," पास्कल म्हणाला.

मी त्याच्याशेजारी बसलो होतो. तोंडात लिंबू होतं. आवाज बसला होता हे खरं, पण तीन शब्द बोलण्याएवढा आवाज होता. 'चूक माझी होती.' एवढंच. मी बोललो नाही. पास्कलने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि ते जास्त लागलं.

दुसरा अर्धा सुरू झाला. पास्कल सांगितल्याप्रमाणे जवळ-जवळ पास देत राहिला. माझ्याकडे चेंडू येणंच बंद झालं. मी फक्कीवर उभा. अर्धा तास गेला. गोल कोणाचाच नव्हता, पण कुर्लेवाले आमच्या अंगावर चढत होते, आज ना उद्या गोल होणार हे दिसत होतं.

"मी पोस्टात तीस वर्षं काढली," नाईक मास्तर मागून म्हणाले. वळसा घालून ते माझ्या बाजूला आले होते. "पत्ता बरोबर असलेलं पत्र परत आलं, तर चूक लिहिणाऱ्याची नसते. घरात माणूस नसतो."

त्यांच्याकडे बघायचा धीर मला झाला नाही. तेवढ्यात पलीकडच्या बाजूला चेंडू बाहेर गेला, आमचा थ्रो. मी जागा सोडली आणि मैदान आडवं कापत धावत सुटलो. कप्तान ओरडला, "मधू, कुठे चाललास, वाट लावतोस काय!" दुरून चार बोटं दाखवून उपयोग नव्हता, ज्याला दाखवायची त्याला ती दिसणार नव्हती. त्याच्या अगदी जवळ जाऊन उभं राहिलो, तेव्हा त्याने मला ओळखलं.

"चार," मी घशातून हवा काढली.

"साहेब नको बोलले."

"साहेबांना मी सांगतो. चेंडू बरोबर होता. मी थांबलो."

"ठावं हाय मला," तो म्हणाला. "आवाजावरनं कळलं. तुझी पावलं थांबली."

एवढ्या गलक्यात, एवढ्या लांबून त्याने माझी पावलं ऐकली होती का, हे मला आजही सांगता येणार नाही. पण तो खोटं बोलणाऱ्यातला नव्हता.

"आता थांबणार नाही," मी म्हणालो.

मी परत माझ्या जागी गेलो. दोन-तीन मिनिटांत पास्कलकडे चेंडू आला. फक्कीवरून सबनीस साहेबांचा आवाज मला ऐकू आला, "जवळ द्या! जवळ!" पास्कलने तळवा ठेवला आणि मागे ओढला.

मी निघालो. एक. दोन. मान खाली, समोर नुसता चिखल आणि माझे गुडघे. तीन. नाईक मास्तर काहीतरी ओरडले. चार. मान वर केली, तर चेंडू आभाळातून माझ्या छातीवरच येत होता. छातीवर घेतला, पायाशी पडला, तसाच उचलून गोलासमोर मधे मारला. आमचा सेंटर फॉरवर्ड यशवंत तिथे मोकळा होता. त्याने डोकं लावलं. गोल.

उरलेली दहा मिनिटं आम्ही कशी काढली देव जाणे. पण काढली. जिंकलो. लोक आत घुसले. यशवंतला खांद्यावर घेतलं, मलाही घेतलं. पास्कल चिखलात बसून बुटाच्या वाद्या सोडत होता. मी खाली उतरलो, सबनीस साहेबांपाशी गेलो आणि सगळ्यांसमोर, बसलेल्या आवाजात, म्हणालो, "साहेब, पहिल्या अर्ध्यातला चेंडू बरोबर होता. मी थांबलो म्हणून गेला. पास्कलची काही चूक नव्हती."

ते म्हणाले, "हे मध्यंतराला का नाही बोललात?"

मला अहो म्हणाले. त्या प्रश्नाचं उत्तर मी तेव्हा दिलं नाही, आणि नंतर पुष्कळ वेळा शोधूनही मला चांगलं उत्तर मिळालेलं नाही. त्याच संध्याकाळी साहेब स्वतः पास्कलपाशी गेले, त्याच्याशेजारी चिखलात उकिडवे बसले आणि काहीतरी बोलले. काय, ते पास्कलने सांगितलं नाही. पुढच्या वर्षी तो संघात होता.

पुढच्या वर्षी मी मात्र नव्हतो, म्हणजे अर्ध्या मोसमानंतर नव्हतो. सरावात एकटाच धावत असताना माझा पाय चिखलात रुतला आणि गुडघा उलटा वळला. कोणाचा धक्का नाही, काही नाही. डॉक्टरांनी पाय सरळ केला, पण तो धावायचा राहिला नाही. मग मी खरोखरचा टाइमकीपर झालो. हजेरीचं पुस्तक उघडलं, कारकुनांनी आधी चेष्टा केली आणि मग काम शिकवलं. वडील प्रथमच मोकळेपणाने सांगू लागले की मधू टाइमकीपर आहे. पुढे त्याच कारखान्यातून ऑफिसर म्हणून निवृत्त झालो. तक्रार नाही.

पास्कल आणखी दोन मोसम खेळला, नव्या राइट आऊटबरोबर. त्यालाही त्याने ओरडायला शिकवलं असणार. मग एके दिवशी स्वतःच बूट ठेवून दिले आणि रेजिनाने त्याला धरून अंधेरीला नेऊन चष्मा करवला. जाड काचांचा, काळ्या कडांचा. कारखान्यात आला तेव्हा आधी मी ओळखलं नाही त्याला, आणि त्याने मात्र मला फाटकाबाहेरच्या रस्त्यावरूनच ओळखलं.

"चल," तो म्हणाला, "मैदानावर जाऊ. मला एकदा बघायचंय."

मुलुंडच्या त्या मैदानावर दुपारी कोणी नव्हतं. कडेला दोन म्हशी आणि वाळत घातलेल्या चादरी. पास्कल त्याच्या जुन्या जागी जाऊन उभा राहिला. मी लंगडत लंगडत पलीकडे, माझ्या फक्कीवर गेलो; तेवढ्या अंतराला मला बराच वेळ लागला. वळलो आणि हात वर केला. ह्या वेळी त्याने लगेच हात वर केला. मग तो तसाच उभा राहिला. चष्मा काढला, पुसला, परत घातला. बघत राहिला.

मी परत त्याच्यापाशी आलो तेव्हा तो खाली बसला होता.

"एवढ्या लांब उभा असायचास तू?" त्याने विचारलं.

"तेवढ्याच लांब."

तो बराच वेळ मान हलवत राहिला. "बरं झालं रे, तवा दिसत नव्हतं," तो म्हणाला. "दिसलं असतं तर मारायची छाती झाली नसती."